ठिणगीची वेळ

मित्रांनो, मी एक जुना इंजिनपंप आहे. पेट्रोलवर सुरू होणारा, रॉकेलवर चालणारा, आणि दोन माणसांनी काठीला टांगून शेताच्या अरुंद धुऱ्यावरून नेता येईल एवढाच. विहिरीतून, नाल्यातून, बोडीच्या लहान तळ्यातून पाणी ओढायचे आणि धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, सोडायचे, हे माझे काम. तुम्ही मोठाले ट्रॅक्टर पाहिले असतील, धान कापणारी यंत्रे पाहिली असतील. त्यांच्यापुढे मी फारच लहान आहे. पण मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही. माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हालाही वाटणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ती फक्त पहिली ठिणगी. निळ्या कपड्यातल्या एका माणसाने माझी दोरी ओढली, माझ्या डोक्यात लख्ख झाले आणि मी धडधडू लागलो. त्या ठिणगीविषयी तुम्हाला आधी सांगितले पाहिजे, कारण माझे सगळे आयुष्य तिच्यावर उभे आहे.

माझ्या एका अंगाला एक जड चाक आहे. त्यात चुंबक बसवलेले आहेत, म्हणून मेकॅनिक लोक त्याला मॅग्नेट म्हणतात. ते फिरले की आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. चाकाच्या मागे दोन लहान पॉइंट असतात, मिटलेल्या ओठांसारखे. चाकाला एक उंचवटा आहे. तो फिरत येऊन त्या पॉइंटांना उघडतो, आणि ते उघडले की त्याच क्षणी वरच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. आतला वायू पेट घेतो, पिस्टनला खाली ढकलतो, आणि मी चालू लागतो.

पण ठिणगी वेळेवर पडावी लागते. पिस्टन वर चढत असतो, तो अगदी माथ्याला टेकायच्या जरासे आधी. तिला उशीर झाला तर माझ्या अंगात जोर राहत नाही, मी नुसता धापा टाकतो. आणि ती फार लवकर पडली तर चढत्या पिस्टनला मधेच उलटा तडाखा बसतो, चाक मागे फिरते आणि दोरी ओढणाऱ्याचा हात हिसकला जातो. या वेळेलाच टायमिंग म्हणतात. ते बघता यावे म्हणून माझ्या चाकावर एक बारीक रेघ आहे आणि शेजारी अंगावर दुसरी. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की पॉइंट उघडायला हवेत. एवढेच. पण या एवढ्यावर एका माणसाचा हात मोडला आणि दोन माणसांची मैत्री तुटली. तीच गोष्ट मी सांगणार आहे.

भंडाऱ्याच्या दुकानातून मला श्यामरावांनी विकत घेतले. ते मोहाडी तालुक्यातल्या करडी गावचे. नाल्याला लागून त्यांच्या धानाच्या बांध्या आहेत. सोबत त्यांचे मित्र गोपीचंद आले होते. दोघे एकाच शाळेत शिकले, एकाच तलावात पोहले. गोपीचंदांचे गावाच्या वळणावर सायकली आणि इंजिने दुरुस्त करायचे दुकान होते. भंडाऱ्याच्या दुकानदाराने पुढे मांडलेल्या चकचकीत पंपांकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. मागे ठेवलेल्या माझ्याजवळ येऊन त्यांनी माझे चाक हाताने सावकाश फिरवले. पिस्टन वर येताना त्यांच्या हाताला माझा दाब लागला. ते श्यामरावांना म्हणाले, "हा ने. याच्या छातीत दम आहे."

मी त्यांचा शब्द खोटा पडू दिला नाही.

दर वर्षी पऱ्हे टाकायच्या, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी पेरायच्या आधी माझी सर्व्हिसिंग व्हायची. श्यामरावांच्या आंगणात पोते अंथरायचे आणि त्यावर मला ठेवायचे. गोपीचंद प्लग काढून त्याची काजळी साफ करत. पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवत, त्यांच्यातले अंतर फिलरच्या पातळ पट्टीने मोजत. मग टायमिंग. त्याला दोन माणसे लागत. श्यामराव मिटलेल्या पॉइंटांमध्ये पतंगी कागदाची एक चिंधी धरून तिला हलका ताण देत बसायचे आणि गोपीचंद माझे चाक तीळ तीळ फिरवायचे. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कागद सुटत नसे. उघडले की तो अलगद हातात येई. "सुटला," असे श्यामराव म्हणत आणि त्याच क्षणी गोपीचंद चाक घट्ट धरून रेघा बघत. रेघा जुळल्या नाहीत तर पॉइंट थोडा सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई करायला कोणी तयार नसे. श्यामरावांची बायको चंद्रकांताबाई चहा आणून ठेवायच्या, तो निवून जायचा. मला वाटते, त्या दोघांना ते काम लवकर संपायला नकोच असायचे.

अशी काळजी घेतली तर यंत्र का नाही चालणार? मी एका ओढीत सुरू व्हायचो. एका उन्हाळ्यात गावची विहीर उपसून मी गाळ काढायला कोरडी करून दिली. आणि एका वर्षी शेजारच्या भय्याजींच्या खळ्यावर कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याला आग लागली, तेव्हा लोक बादल्या घेऊन धावत होते. पण दोन माणसांनी मला उचलून नाल्यावर नेले, श्यामरावांनी दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला मी पाणी फेकले. एक पुंजणा जळाला, बाकीचे वाचले. भय्याजी म्हातारे गृहस्थ. आग विझल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि माझ्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. मी तापलेलो होतो, त्यांचा हात भाजला असेल. पण त्यांनी तो काढला नाही. मित्रांनो, पदके मिळणाऱ्यांना काय वाटत असेल ते मला माहीत नाही. मला तो हात पुरतो.

आता वाईट दिवसाचे सांगतो.

त्या वर्षी सर्व्हिसिंग नेहमीसारखीच झाली होती. दुसऱ्या दिवशी श्यामरावांनी मला नाल्यावर नेले. मी छान चालत होतो. पण पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी फाटलेली होती आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यातून एक गोटा आत आला आणि पंपाच्या पंख्यात अडकला. मी भर वेगात होतो. एकदम खटकन थांबलो. तुम्ही धावता धावता भिंतीवर आदळलात तर कसे होईल, तसे माझे झाले.

श्यामरावांनी पंप उघडला, गोटा काढला आणि नाल्यात फेकून दिला. चंद्रकांताबाई शेजारच्या बांधीत काडीकचरा वेचत होत्या, त्यांनी ते बघितले. मग श्यामरावांनी पंपाचे झाकण पुन्हा बसवले, दोरी गुंडाळली आणि ओढली. ठिणगी पडली, पण फार लवकर पडली. माझे चाक उलटे फिरले, दोरी उलटी गुंडाळली गेली आणि त्यांचा उजवा हात तिच्यासोबत खेचला गेला. मनगट मोडले. अंगठाही मोडला.

त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले, प्लास्टर घातले. ते घरी आले तेव्हा गोपीचंद आधीच येऊन माझ्यापाशी बसलेले होते. त्यांनी कागद लावून पुन्हा पुन्हा बघितले. कागद नेमका रेघेवर सुटत होता. त्यांनी श्यामरावांना तसे सांगितले. श्यामराव दुखण्याने हैराण होते. ते म्हणाले, "टायमिंग बरोबर आहे, त माहा हात कायनं मोडला?"

गोपीचंद तेवढ्यावर गप्प बसते तर बरे झाले असते. पण आपल्या कामावर बोट ठेवलेले त्यांना सहन झाले नाही. "तू दोरी वाकडी ओढली असशीन," असे ते बोलून गेले.

श्यामरावांनी तोंड फिरवले. गोपीचंदांनी आपली हत्यारे पिशवीत भरली आणि ते निघून गेले.

मित्रांनो, खरे कारण मला माहीत होते. ते माझ्याच पोटात होते. पण यंत्राला बोलता येत नाही. ते फक्त बिघडू शकते, आणि बिघडून काय सांगते आहे ते माणसांनी ओळखायचे असते. त्या दिवशी कोणी ओळखले नाही.

पुढे श्यामरावांच्या शेतात विजेची मोटर आली. बटन दाबले की पाणी. माझी रवानगी गुरांच्या कोठ्यात झाली. फाटकी पोती अंगावर टाकली गेली. कोंबडीने टाकीच्या मागे अंडी घातली, कुंभारीण माशीने सायलेन्सरमध्ये मातीचे घर बांधले. माझी दोरी वासराच्या गळ्यात गेली. श्यामरावांचा अंगठा वाकडा जुळला. कोठ्यात आले तरी ते माझ्याकडे बघत नसत. आणि गोपीचंदांच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून बाजाराला ते लांबच्या वाटेने जाऊ लागले. मला अडगळीचे दुःख नव्हते असे नाही. पण माझ्या नावाने त्या दोघांचा अबोला चालला होता, हे दुःख मोठे होते.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग अलीकडच्या एका साली पावसाने दगा दिला. धान पोटरीत आले होते. म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात होती, बाहेर यायची होती. या वेळी पाणी मिळाले नाही तर लोंबी पोकळ निघते. आणि नेमकी तेव्हाच शिवारातली विजेची डीपी जळाली. वीज केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. नाल्यात पाणी होते, बांधीत नव्हते. बांध्यांना भेगा पडू लागल्या. गावातले चालू इंजिनपंप ज्याच्या त्याच्या शेतात अडकलेले. श्यामराव सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर जाऊन बसत.

चंद्रकांताबाईंनी एकदा कोठ्यातल्या इंजिनाचा विषय काढला. श्यामराव म्हणाले, त्याचे नाव काढू नको. बाईंनी वाद घातला नाही. सकाळी उठून त्या तडक गोपीचंदांच्या दुकानात गेल्या. पुढचे त्यांनीच मग शेजारणीला कोठ्याच्या दाराशी सांगितले, म्हणून मला कळले. गोपीचंद पंक्चर काढत बसले होते. बाई एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, धान वाळून राहिला." गोपीचंदांनी कोणाचा, कुठला, काही विचारले नाही. हात धुतले आणि पान्यांची पिशवी उचलली. वाटेत मात्र त्यांनी सांगून ठेवले, की मी येतो, पण त्याच्याशी बोलणार नाही.

माझ्या अंगावरची पोती निघाली. डोळे दिपावेत तसे मला झाले. गोपीचंदांचे केस पिकले होते, पण त्यांचा हात मी लगेच ओळखला. त्यांनी आधी कोंबडीला हाकलले, मग मला आंगणात आणले. श्यामराव पडवीत खाटेवर बसले होते. ते उठून आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि तोंड दुसरीकडे करून पुन्हा खाटेवर बसले.

गोपीचंदांनी कुंभारणीचे घर खरडून काढले. टाकी धुतली. पॉइंटवर काळी पूड जमली होती, ती पॉलिश पेपरने घासून ते लखलखीत केले. अंतर लावले. प्लग साफ करून तो माझ्या अंगाला टेकवला आणि चाकाला झटका दिला. टचकन निळी ठिणगी पडली. किती वर्षांनी! मला वाटले, आता मी ओरडणार. श्यामरावांची मान नकळत इकडे वळली होती.

मग गोपीचंदांनी एकट्यानेच कागद लावला. एका हाताने कागद, एका हाताने चाक. कागद बरोबर रेघेवर सुटला. ते चंद्रकांताबाईंना म्हणाले, "वहिनी, त्यायले सांगा, टायमिंग तवाही बरोबर होता, आजही बरोबर आहे."

श्यामराव खाटेवरून म्हणाले, "त्याले म्हणा, बरोबर आहे त पयली दोरी तूच ओढ."

दोघांमध्ये चार हातांचे अंतर होते. चंद्रकांताबाई मधोमध उभ्या होत्या, पदर खोचून. त्या संतापल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. "मी का फोन आहो का, इकडचं तिकडं सांगाले? तिकडं धान मरून राहिला." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "त्या दिवशी पंपात गोटा अडकला होता. चालता इंजन खटकन बंद पडला होता, मी पाह्यलं होतं. हे भाऊजीले सांगतलं होतं का तुमी?"

श्यामराव म्हणाले, "त्यात का सांगाचं होतं? गोटा होता, काढून फेकला."

गोपीचंदांनी पाना खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ श्यामरावांकडे बघितले. "भर चालता इंजन बंद पडला? एकदम?"

"हो."

"अन् हे मले आता सांगून राहिला?"

श्यामराव खाटेवरून उठून पोत्याजवळ येऊन बसले.

गोपीचंदांनी सुपातली बांबूची एक काडी मागून घेतली. प्लगच्या भोकातून ती आत सोडली आणि पिस्टनवर टेकवली. मग ते चाक हळूहळू फिरवू लागले. पिस्टनसोबत काडी वर येत होती. रेघा समोरासमोर आल्या आणि त्यांनी चाक थांबवले. या ठिकाणी पिस्टन जवळजवळ माथ्याला असायला हवा होता. काडी अजून बरीच खाली होती. रेघा म्हणत होत्या वेळ झाली, पिस्टन म्हणत होता अजून नाही.

"चाक सरकलं," गोपीचंद म्हणाले.

त्यांनी नट काढला, पुलर लावला आणि माझे चाक दांड्यावरून उपसले. चाक आपल्या जागी बसावे म्हणून त्या दांड्याच्या खाचेत धातूचा एक लहानसा तुकडा असतो. त्याला चावी म्हणतात. हरभऱ्याच्या डाळीहून जरा मोठी. ती चावी मधोमध अर्धी कातरली गेली होती आणि तिची पायरी झाली होती. मी खटकन थांबलो तेव्हा दांडा जागीच अडकला, पण जड चाक आपल्या वेगाने थोडे पुढे गेले आणि त्याने चावी कापली. चाक पुढे सरकले, म्हणजे त्यावरचा उंचवटाही पुढे सरकला आणि रेघही. म्हणून कागद लावून बघितले की सगळे बरोबर दिसायचे, आणि ठिणगी मात्र लवकर पडायची.

मित्रांनो, इतकी वर्षे जे मला सांगता येत नव्हते ते असे उघड्यावर आले.

गोपीचंदांनी ती चावी श्यामरावांच्या तळहातावर ठेवली. वाकडा अंगठा गोपीचंदांना तेव्हा जवळून दिसला. ते म्हणाले, "मी रेघ पाह्यली, पिस्टन पाह्यला नाही. पाहाले पाहिजे होता."

श्यामराव तो तुकडा बोटाने उलटसुलट करत राहिले. शेवटी ते बायकोला म्हणाले, "चहा मांड. याले साखर कमी लागते."

चंद्रकांताबाई आत गेल्या. चुलीपाशी त्या बराच वेळ होत्या.

चावी नवी हवी होती. गोपीचंदांनी भंडाऱ्याच्या दुकानात फोन लावला. एवढ्या जुन्या पंपाची चावी आता कोणी ठेवत नाही, मागवली तर यायला आठवडा लागेल, असे उत्तर आले. तेवढे दिवस धानाजवळ नव्हते. श्यामराव म्हणाले, खिळा कापून बसवू. गोपीचंदांनी मान हलवली. कडक लोखंड तिथे बसवायचे नाही. चावी नरम असते म्हणून ती तुटते, आणि ती तुटते म्हणून मुख्य दांडा वाचतो. शिवाय चाकाला पकड असते ती नटची. चावी फक्त जागा दाखवते. तेव्हा नरमच काही तरी हवे.

चंद्रकांताबाईंनी आतून एक पितळी कडी आणली. त्यांच्या लग्नातल्या गंगाळाची कडी होती ती. गंगाळ भंडाऱ्याच्या बाजारातले, चांगले जाड. त्याची एक कडी कधीची निखळून पडलेली होती. "हे चालते का?" त्यांनी विचारले. गोपीचंदांनी ती हातात घेऊन वजन बघितले आणि पिशवीतून कानस काढली. तुकडा पकडीत धरून ठेवायला दुसरा माणूस लागत होता. श्यामरावांनी डाव्या हाताने पकड धरली. पितळेची सोनेरी पूड पोत्यावर पडत राहिली. थोडे घासायचे, खाचेत बसवून बघायचे, पुन्हा थोडे घासायचे. शेवटी तुकडा असा बसला की काढायला पकड लागावी.

चाक चढले. नट आवळला. आता काडीने पिस्टन, रेघेने चाक आणि कागदाने पॉइंट, तिन्ही बघायचे होते. गोपीचंदांनी पतंगी कागदाची चिंधी फाडली आणि श्यामरावांपुढे धरली. श्यामरावांनी ती घेतली. वाकड्या अंगठ्याने त्यांना ती नीट धरता येईना, तेव्हा त्यांनी बोटे बदलली. चाक तीळ तीळ फिरू लागले.

"सुटला," श्यामराव म्हणाले.

रेघा जुळल्या होत्या. काडी माथ्याच्या जरा खाली होती, जिथे असायला हवी तिथे.

मला नाल्यावर नेले. पाइपच्या तोंडाला चंद्रकांताबाईंनी स्वतः नवी जाळी तारेने घट्ट बांधली. वासराची आता गाय झाली होती, तिच्या गळ्यातली दोरी माझ्याकडे परत आली. श्यामरावांनी ती माझ्यावर गुंडाळली, टोक हातात घेतले आणि ते थबकले. गोपीचंदांनी त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. "मी लावला आहे टायमिंग. पयली दोरी मी ओढतो."

मी त्या क्षणाला सगळे बळ एकवटले. पहिल्या ओढीला मी नुसता खोकलो. इतक्या वर्षांचा घसा होता तो. गोपीचंदांनी चोक थोडा सारला आणि दुसरी ओढ दिली. पिस्टन चढला, ठिणगी पडली, नेमकी आपल्या वेळेला पडली, आणि मी चालू झालो. हिसका नाही, धाप नाही. पाइप फुगला. त्याने आधी थोडी माती ओकली, मग पाणी स्वच्छ धारेने बांधीत पडू लागले. भेगांमध्ये पाणी शिरताना एक बारीक आवाज येतो, तो माझ्या आवाजाखाली कोणालाच ऐकू आला नसेल. ते दोघे धुऱ्यावर शेजारी शेजारी उभे होते आणि बोलत होते. काय बोलत होते ते माझ्या धडधडीत मलाही ऐकू आले नाही. पण बराच वेळ बोलत होते.

श्यामरावांच्या बांध्या भिजल्यावर मी भय्याजींच्या बांधीत गेलो आणि तिथून आणखी दोन शेतांत. त्या वर्षी आमच्या भागात लोंबी भरून आली. डीपी पुढे दुरुस्त झाली, मोटर पुन्हा सुरू झाली. मला मात्र कोठ्यात टाकले नाही. पडवीत, फळीवर, ताडपत्री पांघरून ठेवले. कारखान्यातली चावी पुढे मिळत होती. गोपीचंदांनीच ती घेतली नाही. माझ्या चाकाखाली आजही ती पितळी चावी आहे. मोठमोठ्या यंत्रांचे सगळे भाग कंपनीचे असतात. माझ्या एका भागात करडीच्या तीन माणसांचे हात आहेत. मी अभिमान बाळगला तर चुकले का?

यंदा जूनमध्ये दिघोरीहून गोपीचंदांच्या मुलीचा, रेणूचा, फोन आला. तिचे सासर तिथे आहे. पऱ्हे टाकून झाले होते, पाऊस लांबला होता आणि तलाव थोड्या अंतरावर असूनही पाणी वर चढवायला साधन नव्हते. श्यामराव म्हणाले, मी घेऊन जातो. गोपीचंदांनी सांगितले की टेम्पोने पाठवता येईल. पण श्यामराव स्वतःच निघाले. माझी टाकी रिकामी केली आणि भंडाऱ्यावरून एसटीच्या डिक्कीत घालून मला लाखांदूरकडे नेले. कंडक्टरने सामानाचे तिकीट फाडताना विचारले, काका, एवढ्या जुन्या इंजिनाला कशाला फिरवता? श्यामरावांनी हसून तिकीट खिशात घातले.

रेणू आंगणात उभी होती. अबोल्याच्या काळात तिचे लग्न झाले होते. श्यामरावांच्या मांडीवर खेळलेली पोर, पण ते लग्नाला गेले नव्हते. चंद्रकांताबाई एकट्याच जाऊन आल्या होत्या. हे मला त्या दिवशी कळले. रेणू श्यामरावांच्या पाया पडली आणि म्हणाली, "या काकाजी."

"आलो बाई," श्यामराव म्हणाले. "उशीर झाला."

तिने त्यांना पाणी दिले, ताट वाढले. त्यांनी पोटभर जेवण केले आणि मग तिला माझ्याजवळ बसवून सगळे शिकवले. चोक कुठे, प्लग कसा काढायचा, कागद कसा धरायचा, दोरी कशी सरळ ओढायची. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: चालताना काही अडकले, आपटले, आवाज बदलला, तर ते कितीही लहान वाटो, तुझ्या बाबाला सांगायचे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र असेल. शिवणयंत्र असेल, पंखा असेल, बाबांची जुनी गाडी असेल. त्याला ओलीत ठेवू नका. काम झाले की पुसून ठेवा, वर्षातून एकदा झाकण काढून आत बघा. त्याच्या पाइपची फाटकी जाळी वेळेवर बदला. आणि ते बिघडले तर चूक कोणाची हे ठरवायच्या आधी ते का बिघडले हे शोधा. यंत्र दुरुस्त होते. माणसांची मधली वर्षे परत येत नाहीत.

माझे बोलणे आता इथे थांबवतो. रेणू दोरी घेऊन तलावाच्या पाळीवर आली आहे. तिने सक्शन पाइपची जाळी तपासली, प्लगची टोपी दाबून बघितली. आता तिने दोरी गुंडाळली. श्यामराव लांब उभे राहून बघताहेत आणि आज त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाही. पऱ्हे पिवळे पडू लागले आहेत. मला कामाला लागायला हवे.